टचपॅडचा ड्रायव्हर बदलून तीन बोटांचे जेश्चर मिळतील का?

प्रश्न: माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. दोन बोटांनी पान सरकते, परंतु तीन बोटे वर नेऊन सर्व विंडो एकत्र पाहता येत नाहीत आणि सेटिंग्जमध्ये ‘प्रिसिजन टचपॅड’ असा उल्लेखही नाही. ड्रायव्हर (टचपॅड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलल्यास उपयोग होईल का?

पहिले उत्तर: होऊ शकेल, मात्र ते हार्डवेअरवर अवलंबून आहे. विंडोज ८.१ पासून आलेल्या प्रिसिजन पद्धतीत बोटांच्या हालचालींचा अर्थ उत्पादकाचा ड्रायव्हर नव्हे, तर स्वतः विंडोज लावते. सिनॅप्टिक्स किंवा एलान बनावटीच्या काही जुन्या टचपॅडवर त्याच बनावटीचा प्रिसिजन ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘हॅव डिस्क’ या पर्यायाने बसवता येतो. तो जुळला नाही, तर टचपॅड पूर्ण बंद पडू शकतो. म्हणून आधी रीस्टोअर पॉइंट (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीची नोंद) तयार करावा, जुना ड्रायव्हर जपून ठेवावा आणि यूएसबी माउस जोडूनच काम सुरू करावे.

दुसरे उत्तर: ड्रायव्हर लॅपटॉप उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पुढे विंडोज अपडेट जुना ड्रायव्हर परत बसवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरे उत्तर: विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालणार असेल, तर लिबइनपुट हा ड्रायव्हर अनेक जुन्या टचपॅडवरही तीन बोटे ओळखतो. लिनक्सवरील नोम या डेस्कटॉपच्या २०२१ मधील आवृत्ती ४० पासून वेलँड (पडद्यावर विंडो दाखवणारी नवी प्रणाली) सत्रात हे जेश्चर मुळातच उपलब्ध आहेत; एक्स११ ही त्याआधीची प्रणाली वापरत असल्यास टचेग हे जेश्चर ओळखणारे सॉफ्टवेअर बसवावे लागेल.