इसब झाला की लेकराचं दूध-अंडं बंद का?

गोदातीर: काल इथं कुणीतरी लिहिलं, 'इसब म्हणजे अ‍ॅलर्जी. रक्त तपासा, पॉझिटिव्ह येईल ते बंद करा.' अशानं लेकरं कुपोषित होतात. त्या तपासणीत आयजीई, म्हणजे रक्तातलं अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड, वाढलं म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. मूळ दुखणं कातडीच्या वरच्या थराचं. हा थर मजबूत ठेवणारं फिलॅग्रिन प्रथिन बनवणाऱ्या जनुकातल्या बिघाडाचा संबंध 2006 मध्येच दाखवलाय. कोमट पाणी, 5-10 मिनिटं आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ग्रॅम तरी लागतं. लोक 20 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात!

बालाघाट: पोस्ट माझी आहे. अंडं खाल्लं की अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात, ती लेकरं खोटी का?

गोदातीर: खोटी नाहीत. दोन तासांच्या आत गांधी, ओठ सुजणं, उलट्या असं झालं तर चाचणी कराच. नुसता इसब असेल तर नाही. शंकाच असेल तर एकच पदार्थ 2 ते 4 आठवडे बंद, मग पुन्हा सुरू. फरक दिसला नाही तर पथ्य संपलं.

मांजराकाठ: तुम्ही दोघं ताटातच अडकलात. लातूर-परभणीच्या बांधावरचं गाजरगवत कोण बघणार? 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं, आता शिवारभर आहे. राबणाऱ्या माणसाच्या पापण्या, कानामागं, हनुवटीखाली, कोपराच्या घडीत खाज उठते. नुसत्या उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखालची सावलीतली जागा सुटली असती. ही पार्थेनिनची, म्हणजे गाजरगवतातल्या रसायनाची, उशिरा उठणारी अ‍ॅलर्जी. आयजीईत सापडतच नाही. पॅच टेस्ट लागते. पाठीवर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या 48 तास, काढल्यावर एकदा बघायचं, 72 ते 96 तासांनी परत. पाठीला स्टिरॉइड लावलेलं असलं किंवा घामानं पट्टी सुटली की निकाल फसला.

बालाघाट: म्हणजे अ‍ॅलर्जीच निघाली ना?

मांजराकाठ: निघाली, पण रक्तात नाही अन् ताटातही नाही! फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. अन् ज्याला त्रास आहे त्यानं हातच लावू नये. वाळलेल्या झाडातही पार्थेनिन राहतं.

तेरणा: आणि मेडिकलवरून आणलेली तीन औषधांची एकत्र ट्यूब? त्यातल्या स्टिरॉइडनं गजकर्णाची कडा पुसट होते, खाज थांबते, आत बुरशी पसरते. मग तोच 'अ‍ॅलर्जीचा इसब' ठरतो. आधी कातडी खरवडून बुरशी तपासा.

बालाघाट: नुसत्या रक्तावरून पथ्य, एवढं मागं घेतो. गांधी उठणाऱ्याचं अंडं बंदच राहील.

गोदातीर: ते राहू द्या. पण बरेच दिवस बंद असलेलं घरी चाखवून बघू नका, दवाखान्यातच सुरू करा. आधी नुसता इसब होता, अशा लेकरालाही खंडानंतर तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते.