मेडिकल, नर्सिंग, फार्मसीच्या मुलांना एकत्र शिकवायचंय. सुरुवात कुठून करू?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवते. आमच्या आवारात मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसी अशी तिन्ही कॉलेजं आहेत. कँटीन एकच, पण टेबलं वेगळी. चार वर्षं एकाच वॉर्डात वावरूनही मुलं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत.

धागा काढायचं कारण सांगते. मागच्या पावसाळ्यात, ज्या रुग्णालयात आमच्या मुलींची ड्युटी लागते तिथे, रात्री एक पहिलटकरीण बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या विद्यार्थिनीला म्हणाली, "माय वं, मन्हं डोकं भलतं दुखी राहिनं. डोयासमोर अंधारी यी राहिनी." पोरीने बीपी घेतलं, 164/112, म्हणजे धोक्याइतकं जास्त. तिने इंटर्नला फोन केला आणि म्हणाली, "सर, सात नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये." तो म्हणाला, येतो. तो दुसऱ्या वॉर्डात अडकला होता. सव्वा तासाने त्या बाईला झटका (आकडी) आला. मॅगसल्फ (झटका थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) मिळालं, बाई वाचली, बाळ घेऊन घरी गेली. पण माझी विद्यार्थिनी आठवडाभर नीट जेवली नाही. आकडा तिच्या हातात होता, बाईचे शब्द तिला कळले होते, आणि फोनवर त्यातलं काहीच गेलं नाही. इंटर्न मुलगाही वाईट नव्हता. "बरं वाटत नाहीये" यावरून त्याला काय कळणार होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा काढला. त्यात म्हटलंय की वेगवेगळ्या व्यवसायांच्या मुलांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. मला ते पूर्ण पटतं. पण शनिवारी दुपारी वर्गात नेमकं काय करायचं? प्राचार्य दोन तास आणि एक हॉल द्यायला तयार आहेत. पैसे नाहीत. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा.

वर्ग_आणि_वॉर्ड

ताई, मी मेडिकलला शिकवतो (धुळे बाजू). आधी वेळेचं सांगतो, कारण असे उपक्रम तिथेच मरतात. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका दिल्या आहेत. त्यातली एक "आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य" अशी आहे. आमच्याकडे "नेता" सगळ्यांच्या लक्षात राहतो, "सदस्य" कुणाच्याच नाही. संवाद आणि नीतिमूल्यं शिकवायला एटकॉमचे तास वेळापत्रकात असतातच. तुमच्या प्राचार्यांना सांगा, मेडिकलकडून वेगळा वेळ मागू नका, एटकॉमचाच तास मागा. आणि लॉगबुकमध्ये सही ठेवा. सहीशिवाय पहिल्या शनिवारी चाळीस येतील, तिसऱ्या शनिवारी सहा. हे मी अनुभवाने सांगतो.

भाषण मात्र ठेवू नका. आम्ही पहिल्या वर्षी "टीमवर्कचे महत्त्व" यावर स्लाइड दाखवल्या. मेडिकलची मुलं डावीकडे बसली, नर्सिंगच्या मुली उजवीकडे, आणि तशीच उठून गेली.

औषधवाला_रावेर

आमच्याकडे पिशवीचा प्रयोग चालला, तो सांगतो. केळीच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरी जा, म्हाताऱ्या माणसाची औषधं प्लास्टिकच्या पिशवीत असतात. त्यात साखरेच्या डॉक्टरच्या गोळ्या, हाडाच्या डॉक्टरच्या गोळ्या, मेडिकलवरून आणलेली पाकिटं, वैद्याची पुडी, सगळं एकत्र. अशी एक पिशवी आम्ही रिकाम्या स्ट्रिपा भरून तयार केली आणि एक मेडिकलचा, एक नर्सिंगची, एक फार्मसीचा अशा तिघांसमोर ओतली. अर्ध्या तासात ठरवा, हे आजोबा रोज काय गिळतात आणि चक्कर का येते.

त्यात ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळीच्या दोन वेगळ्या ब्रँडच्या स्ट्रिपा मुद्दाम टाकल्या होत्या. नाव वेगळं, औषध एकच, म्हणजे साखर खाली जाणार. ते फार्मसीच्या पोराने पाहिलं. नर्सिंगची पोरगी म्हणाली, "आजोबांना वाचता येतं का, ते विचारा आधी." मेडिकलच्या मुलाने एक औषध बंद करायचं ठरवलं, पण कोणतं आणि का, हे इतर दोघांना समजावून सांगताना त्याची स्वतःची तारांबळ उडाली. तिघांपैकी एकालाही एकट्याने ते सुटलं नसतं. खर्च शून्य.

धडगाव_घाट

मी सातपुड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर एमओ (वैद्यकीय अधिकारी) होतो. तुमची ती केस वाचून पोटात गोळा आला.

आमच्याकडे आशाताई फोन करायची. पाड्यावर रेंज नसायची, ती टेकडीवर चढून लावायची. पण सांगायची कसं, ते ऐका: "सर, आठवा महिना, पहिलं बाळंतपण, पायाला सूज, डोकं दोन दिवसांपासून, मी झोळी बांधायला लावली आहे, सिस्टरला रस्त्यावर पाठवा." शिक्षण दहावी. बांबूच्या झोळीतून बाई रस्त्यापर्यंत यायची, एएनएम (गावपातळीवरची सिस्टर) तिथेच बीपी बघून मॅगसल्फचा पहिला डोस कुल्ल्यात द्यायची, मी 108 ला गाठून पुढच्या दवाखान्याला कळवून ठेवायचो. तिथली पावरी बोली मला येत नव्हती, त्यामुळे बाईशी बोलायचं काम पूर्णपणे आशाताईचं. त्या साखळीत डॉक्टर म्हणून माझं काम सगळ्यांत सोपं होतं.

म्हणून एक विनंती. शिकवणारे फक्त प्राध्यापक ठेवू नका. एक आशाताई, एक एएनएम बोलवा, आणि त्यांना सत्कारासाठी नको, शिकवायला बोलवा. आणखी एक. एमबीबीएसच्या मुलांना आता गावातली कुटुंबं दत्तक दिलेली असतात. त्या भेटींना जोडीला नर्सिंगची मुलगी पाठवा. घरात चुलीजवळ बसून बाईशी कसं बोलायचं हे तिच्याकडून शिकता येतं.

तापीकाठ

दादा, टेकडीवरचा तो फोन मी वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

एक भीती आहे. माझ्या मुली मेडिकलच्या मुलांसमोर बोलतच नाहीत. चूक दिसली तरी गप्प राहतात. "सर चिडतील" एवढंच कारण. त्यावर काय करायचं?

निवृत्त_सिस्टर

तापीकाठताई, 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच ऑपरेशन थिएटरला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुली भित्र्या असतात म्हणून गप्प राहत नाहीत. बोलायचं कोणत्या शब्दांत, हे त्यांना कुणी दिलेलं नसतं. जे शब्द तोंडात बसलेले असतात तेच घाईत बाहेर येतात. म्हणून शब्द पाठ करून घ्या, अगदी पाढ्यांसारखे. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एक पद्धत आहे, एसबार म्हणतात. आधी काय चाललंय, मग मागची हकीकत, मग मला काय वाटतं, आणि शेवटी तुमच्याकडून काय हवं. तुमच्या त्या मुलीचा फोन असा झाला असता:

"सर, प्रसूतिपश्चात कक्षातून नर्सिंगची विद्यार्थिनी बोलतेय. खाट सात. बीपी 164/112, डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. काल रात्री प्रसूती झाली, पहिलटकरीण. मला झटक्याची भीती वाटते. तुम्ही आत्ता या. तोवर मी लघवीतलं अल्ब्युमिन बघते आणि मॅगसल्फचा ट्रे काढते."

अर्धं मिनिटही लागत नाही. "मला भीती वाटते" हे वाक्य मुलींच्या तोंडून काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. निदान करणं आपलं काम नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यांना सांगा, अंदाज सांगणं म्हणजे निदान करणं नव्हे. आणि इंटर्नच्या बाजूचाही सराव घ्या. त्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं: "164/112, अंधारी, बरोबर? पाच मिनिटांत येतो. येता आलं नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवतो." ही जबाबदारी त्याची.

आता थिएटरचं. शस्त्रक्रियेच्या वेळची 19 कलमांची तपासणी यादी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणली. त्यात एक कलम असं आहे की चीर देण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सुरुवातीला आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटला. पण ज्या मुलीने एकदा स्वतःचं नाव उच्चारलेलं असतं, ती पुढे "सर, एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी भरतोय" हेही म्हणू शकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ही यादी दिल्लीसकट जगातल्या आठ शहरांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. ते 2009 साली छापून आलं. म्हणून तुमच्या शनिवारचीही सुरुवात नावांनी करा. आणि प्रत्येक गटात पुढारीपण मेडिकलच्याच मुलाकडे देऊ नका, आळीपाळीने द्या.

औषधवाला_रावेर

सिस्टरताईंचा मॅगसल्फचा ट्रे वाचून सुचलं. केस म्हणून तेच घ्या ना! पहिला पूर्ण डोस 14 ग्रॅम, त्यातले 4 ग्रॅम पातळ करून शिरेतून सावकाश आणि 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. आपल्याकडची 2 मिलीची अँप्युल म्हणजे 1 ग्रॅम. म्हणजे 14 अँप्युल फोडायच्या. एकट्या सिस्टरला घड्याळ लावून फोडायला सांगा, मग तिघांना मिळून. मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. शिरेतल्या 4 ग्रॅमसाठी 8 मिली औषधात 12 मिली पाणी घालायचं, हा हिशेब फार्मसीच्या मुलाला मोठ्याने बोलायला लावा आणि दुसऱ्याला तपासायला. कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवं, मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा तोच.

वर्ग_आणि_वॉर्ड

आणि पुढच्या डोसआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास, लघवी हे कोण बघणार, कोण लिहिणार, हे मुलांनी आपसात ठरवू द्या. तुम्ही मधे बोलू नका. पहिल्यांदा कुणीच लिहिणार नाही. प्रत्येकाला वाटेल दुसऱ्याने लिहिलं. ते झाल्यावर थांबवून चर्चा करा, दोषी शोधू नका.

तापीकाठ

ठरलं मग. येत्या महिन्याचा दुसरा शनिवार, एटकॉमच्या तासाला. 16 मुलं, चार गट, एक खाट. आमच्या भागातल्या एका आशाताईंशी आज बोलले, त्या येतायत. पिशवीचा प्रयोग त्यापुढच्या शनिवारी.

निवृत्त सिस्टर, पेशंटच्या भूमिकेसाठी आमच्याकडे पुतळा आहे, पण तो बोलत नाही. तुम्ही याल का?

निवृत्त_सिस्टर

येईन. पण मी अहिराणीतच बोलणार, मेडिकलच्या मुलांना कळो न कळो. त्यांनी शेजारच्या मुलीला विचारायचं. मॅगसल्फ वाया घालवू नका, डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलवर वेगळी लेबलं चिकटवा, आणि सराव संपल्यावर त्या मोजून फेकून द्या, एकही वॉर्डात परत जाता कामा नये. खाट भिंतीपासून लांब ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल.