नवीन .३२ पिस्तूल घेतलंय, खाडीकाठच्या घरात कसं सांभाळू?

आंबेवाला_देवगड

नमस्कार मंडळी. दोन वर्षं कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवून शेवटी लायसन हातात आलं आणि गेल्या आठवड्यात .३२ चं छोटं पिस्तूल घेतलं. सीझनला आंब्याची रोकड घेऊन रात्री-अपरात्री घाट उतरावा लागतो, त्यासाठी अर्ज केला होता. घरात बाबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, वानरं हाकलायला हवेत बार काढत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे हत्यार नवीन नाही असं वाटायचं, पण हे प्रकरणच वेगळं आहे. बंदूक ठासली की ठासली, हातानेच ठासलेली असते ना. इथे आत गोळी आहे की नाही ते बाहेरून बघून मला अजून कळत नाही, खरं सांगतो.

घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, दाराची कडीसुद्धा पावसाळ्यात लाल होते. तेल कुठलं लावू? चामड्याचं होल्स्टर घेतलंय, त्यातच ठेवलं तर चालेल का? आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढायला भयंकर जड आहे, मलाच दोनदा प्रयत्न करावा लागतो, बायकोला तर जराही हलवता आली नाही. काय चुकतंय?

माजी_सुभेदार_चिपळूण

भाऊ, तेलाचं नंतर. तुम्ही ते एक वाक्य लिहिलंत ना, आत गोळी आहे की नाही कळत नाही, तिथेच थांबा आणि ते पहिलं शिका, बाकी सगळं त्याच्या मागून.

पिस्तूल रिकामं करायचा क्रम एकच आहे. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतला, राउंड (काडतूस) बाहेर पडतो, मग स्लाइड मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर पहिली गोळी बाहेर पडते खरी पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी उचलून चेंबरमध्ये नेऊन बसवते. मग तुम्ही मॅगझिन काढून खिशात टाकता, हातात पिस्तूल "रिकामं" आणि आत गोळी तयार.

हे पुस्तकातलं सांगत नाही. रिटायर झाल्यावर स्वतःचं पिस्तूल घेतलं, वीस-बावीस वर्षं हत्यारं हाताळलेला माणूस मी, एका रात्री लाइट गेलेली, बॅटरीच्या उजेडात साफ करायला बसलो आणि नेमका क्रम चुकला. पार्ट सुटे करायच्या आधी चाप दाबला. गोळी चिऱ्याच्या भिंतीत गेली, पेरूएवढा खड्डा पडला आणि जांभ्याची लाल धूळ माझ्या मांडीवर, चटईवर, सगळीकडे. अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच भिंतीला टेकून माझी सून तांदूळ निवडत होती, ती पाणी आणायला उठली होती. तो खड्डा मी बुजवलेला नाही आणि बुजवणारही नाही. आपण नळी कुठे धरलीय हे कायम बघायचं आणि बोट चापावर नाही, स्लाइडच्या बाजूला सरळ ठेवायचं, हे मी तेव्हापासून पाणी प्यायला उठताना पण मनात म्हणतो. त्या रात्री दोन्ही पाळले असते तरी काही घडलं नसतं.

आणि वहिनींच्या हातात देऊ नका. लायसन तुमच्या नावावर आहे, हत्यार तुमचं एकट्याचं.

नेमबाज_रत्नागिरी

सुभेदार काकांनी सांगितलेलं सोन्यासारखं आहे, आज घरी दहा वेळा करा, पण गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

स्लाइडबद्दल. दादा, तुमचं काही चुकत नाहीये, छोटी पिस्तुलं अशीच असतात. .३२ मध्ये बहुतेक ब्लोबॅक पद्धत असते, म्हणजे गोळी सुटताना स्लाइडला रोखून धरायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. पिस्तूल छोटं म्हणजे स्लाइड हलकी, मग स्प्रिंग कडक ठेवावी लागते. चिमटीत धरून खेचू नका. डाव्या हाताचा तळवा वरून स्लाइडवर ठेवा, चारही बोटांनी मागची खाचेची जागा पकडा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला, दोन्ही एकदम, पिस्तूल छातीजवळ आणि नळी समोर. मी पन्नास किलोची आहे, मला जमतं. सोडताना स्लाइड हाताने पुढे पोचवू नका, मागे ओढून सरळ सोडून द्या, नाहीतर राउंड अर्धवट बसतो. आणि डावा अंगठा उजव्या हाताच्या मागे, स्लाइडच्या वाटेत कधीच नको, फाडते ती.

मूठ सैल धरलीत तर गोळी सुटल्यावर स्लाइड पूर्ण मागे न जाता अडकते आणि लोक बिचाऱ्या पिस्तुलाला शिव्या देतात. करंगळीला जागा नसते अशा मुठीत, तरी मनगट ताठ ठेवा.

आणखी एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. .३२ एसीपीच्या, म्हणजे तुमच्या पिस्तुलाच्या, काडतुसाला मागे बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन जाम होतं, ऐन वेळी हाताने झटके देऊन सुटत नाही. भरताना प्रत्येक काडतूस वरचं खालच्याच्या जरा पुढे बसलंय ना, बोटाने बघत जा. खिशात भरलेलं मॅगझिन हिंदकळत फिरवू नका. आणि दुकानात नुसतं ".३२ द्या" म्हणू नका, .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, लांब, ते तुमच्यात बसणार नाही. पेटीवर पिस्तूल लिहिलंय का वाचा.

गोळी नाही सुटली तर लगेच नळीत डोकावायचं नाही!! नळी समोरच ठेवून तीस सेकंद मोजा, मग काढा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा राउंड मारूच नका, आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते, रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करून एकदा कोणाच्या तरी हाताखाली चालवा. नुसतं घेऊन कपाटात ठेवलेलं पिस्तूल घाटात काही कामाचं नाही.

वेंगुर्लेकर_७१

मी काय सांगतंय ता नीट आयक. चामड्यात ठेवू नको. ह्या एका चुकीने माझ्या मामाच्या हत्याराची वाट लागली, पावसाचे चार महिने होल्स्टरमध्ये कपाटात, दिवाळीला काढलं तर ज्या बाजूला चामडं घट्ट बसायचं त्या बाजूला नाकाच्या आकाराचा तांबडा चट्टा, खरवडला तर खाली खड्डे. चामडं ओल पितं, वर घामाचं मीठ. होल्स्टर नेताना वापर, घरी आलास की वेगळं.

वरचं काळं निळसर दिसतं ना, तो रंग नव्हे, लोखंडावरचा अगदी पातळ थर आहे, खाऱ्या वाऱ्याला तो पुरत नाही. हात लावलास की बोटांचे ठसे पुसून टाक, रोज, आळस करू नको. सुती चिंधीवर हत्यारांचं तेल दोन थेंब, तेवढंच, चमक दिसली पाहिजे, ओघळ दिसता नये. खोबरेल अजिबात नको, आपल्याकडे सगळ्याला खोबरेल चोपडायची सवय, ते खवट होऊन चिकट होतं आणि आतले पार्ट धरून ठेवतं. नळीतून चिंधी फिरव, मॅगझिन आतून कोरडं ठेव. काडतुसांना तेल लावू नको, तेल आत मुरलं तर ऐन वेळी फुसकी.

पावसात आठवड्यातून एकदा, बाकीच्या वेळी पंधरवड्याने. डब्यात निळी सिलिका जेलची पुडी टाक, खडे गुलाबी झाले की ओल पिऊन झाली, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळव, पण तो तवा परत स्वयंपाकाला घेऊ नको. समुद्राचं पाणी उडालंच तर त्याच रात्री उघडून साफ, सकाळची वाट बघू नको.

आंबेवाला_देवगड

काय बोलू, डोळे उघडले. बायकोच्या हातात देण्याबद्दल काका बरोबर आहेत, चुकलं माझं. आता एक, गणपतीला सात-आठ चाकरमानी कुटुंबं येतात, माळ्यापासून पडवीपर्यंत पोरं. आणि मालाच्या कामाला सावंतवाडीवरून कधी पणजीला जावं लागतं.

माजी_सुभेदार_चिपळूण

गणपतीत पिस्तूल कुलूपबंद लोखंडी पेटीत, पेटी भिंतीला बोल्ट मारून, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही चाव्या तुमच्या अंगावर, देवघरातल्या खुंटीवर नाहीत. पोरांना पेटी कुठे आहे ते चार दिवसांत कळतं, म्हणून कुलूप. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये घरी सुरक्षित ठेवायची व्यवस्था आणि हाताळणीचं प्रशिक्षण दोन्ही आलंय, कागदापुरतं घेऊ नका. आणि आरतीच्या वेळी कोणी भाऊबंद "एक बार होऊन जाऊ दे" म्हणाला तर हात जोडा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणाने असे आनंदाचे बार काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पणजीचं म्हणाल तर लायसन उघडून कुठल्या भागापुरतं आहे ते वाचा. महाराष्ट्रापुरतं असेल तर बांद्याच्या पुढे, म्हणजे गोव्याच्या हद्दीत, हत्यार नेता येत नाही, मग पेटीत ठेवूनच जा. मुदत आता पाच वर्षांची असते, पण रिन्यूअलचा अर्ज दोन महिने आधी द्या. निवडणूक लागली आणि जमा करायची नोटीस आली तर ठाण्यात जमा करून पावती घ्या, पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर आहे ना ते तिथेच वाचा. देताना जाड तेल लावून द्या, तिथे कोण पुसणार आहे, दीड-दोन महिने पडून असतं. परत मिळालं की घरी न्यायच्या आधी मॅगझिन काढा, चेंबर बघा. दुसऱ्याच्या हातातून आलेलं हत्यार कायम भरलेलं समजायचं.

आंबेवाला_देवगड

आत्ताच लायसन काढून वाचलं, महाराष्ट्रच लिहिलंय. होल्स्टर वेगळं केलं, आतून बोट फिरवलं तर खरंच दमट लागतंय, आठवडाच झालाय अजून. उद्या कणकवलीहून पेटी आणि बोल्ट आणतो. ताई, तुम्ही सांगितलं तसं तळव्याने स्लाइड ओढली, पहिल्या झटक्यात आली.