हडप्पाची माणसं शेती नेमकी कशी करायची?

इतिहासवेडी: शाळेत सिंधू संस्कृती म्हटलं की विटांची घरं, गटारं आणि ते मोठं स्नानगृह, बास. पण मोहेंजोदडोत हजारो माणसं राहायची तर ती खायची काय? सिंधमध्ये पाऊस एवढासा पडतो, मग गव्हाला पाणी कुठनं यायचं, कालवे होते का? बारीकसारीक माहिती असली तरी सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

गाळपेर: पुरानंच काम व्हायचं ताई. वर हिमालयात बर्फ वितळतो, त्यात पावसाळ्याची भर पडते, सिंधू उन्हाळ्यापासनं फुगत जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी ओसरलं की काठाला ओला ताजा गाळ उरतो, त्यात गहू, जव टाकायचे आणि मार्च-एप्रिलात काढायचे. सिंधमध्ये या शेतीला सैलाबा म्हणतात. आमची थोडी जमीन उजनीच्या फुगवट्यात जाते, पाणी मागं सरलं की तिथल्या ओलीवर हरभरा नुसत्या गाळाच्या जोरावर येतो, त्यामुळं मला हे लगेच पटतं. कालव्याचं म्हणाल तर हडप्पाकालीन कालवा सापडलाय तो लांब उत्तर अफगाणिस्तानात, शोर्तुगईला.

पांढरीची_माती: कालीबंगनचं शेत कुणीच कसं काढलं नाही अजून! राजस्थानात घग्गरच्या काठावर, १९६० च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं तेव्हा चक्क नांगरलेलं शेत मिळालं, तेही नगराची भरभराट व्हायच्या आधीचं, इ.स.पू. २८०० च्या आसपासचं. तास, म्हणजे नांगरानं पाडलेल्या रेघा, एकमेकांना काटकोनात, पूर्व-पश्चिम तास साधारण ३० सेंमीवर आणि उत्तर-दक्षिण तास जवळपास १९० सेंमीवर. खोदणाऱ्यांनी आजूबाजूला बघितलं तर तिथले शेतकरी तशीच आखणी करून जवळच्या तासांत कडधान्य आणि लांबच्या तासांत मोहरी घेत होते, म्हणजे त्या जुन्या शेतातही आंतरपीक असावं असा अंदाज बांधला गेला. हरियाणात बनावलीला मातीचा छोटा नांगरही मिळालाय. मला विचाराल तर स्नानगृहाआधी पोरांना हे शेत दाखवायला पाहिजे.

कोरडवाहू: फक्त गहू-जव धरून बसू नका पण. सौराष्ट्रात रोजडीला खरिपातली बारीक तृणधान्यं मिळाली, तिकडं सगळी भिस्त पावसावर. हरियाणाच्या बाजूला खरीप-रब्बी दोन्ही, मूग-उडीदसुद्धा. वाटाणा, मसूर, तीळ हेही होतंच, आणि कापूस तर मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या कापडाच्या तुकड्यातनं कळला, रंगवलेलं सुती कापड! एवढ्या मोठ्या मुलखात नदी, पाऊस, माती सगळं वेगळं, त्यामुळं "हडप्पाचं पीक" असं एकच काही नव्हतं, ज्यानं त्यानं आपल्या पाण्याप्रमाणं पेरलं.

इतिहासवेडी: किती छान सांगितलंत सगळ्यांनी! आपल्याकडं यातलं काही पोचलं का?

पांढरीची_माती: पोचलं ना. अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर हडप्पाचा, म्हणजे त्या संस्कृतीच्या शेवटच्या काळातला थर आहे. त्यानंतरचं इनामगाव, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं खोदलेलं. तिथं मुख्य पीक जव, आणि पुराचं पाणी वळवायला बांध घालून काढलेला पाटही मिळालाय. ती हडप्पाची माणसं नव्हेत, जोर्वे या आपल्याकडच्या जुन्या शेतकरी संस्कृतीची, पण तुमचा पाण्याचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते तिथं जमिनीतच दिसतं.