शब्दचर्चा : आत्मविश्वास, धीर, दम, अवसान

आमच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी आयटीआयची मुलं शिकाऊ उमेदवार म्हणून येतात. त्यांना सांभाळणाऱ्या सुपरवायझरांपुढे मला अर्धा तास बोलायचं आहे. विषय मिळाला ‘स्वतःचा आणि हाताखालच्या माणसांचा आत्मविश्वास वाढवणे’. टिपण काढायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. मशीनपाशी हा शब्द मी कधी ऐकलेलाच नाही. तिथे म्हणतात, ‘अजून हात बसला नाही त्याचा’, ‘बिचकतोय’, ‘धीर होत नाही’, आणि महिन्याभराने ‘भीड चेपली आता’. कार्यक्रमाच्या फलकावर आत्मविश्वास आणि लेथ मशीनपाशी धीर, असं का?

मला वाटतं, आत्मविश्वास हा एकट्याचा शब्द आहे. ज्याचा त्याने कमवायचा. धीर तसा नाही. तो देतात, घेतात, धरतात. तो सुटतो, खचतो. धीर म्हटला की दुसरं माणूस आलंच.

गेल्या वर्षीचा एक मुलगा डोळ्यांपुढे आहे. २५ मिमीचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी गोल दांडा, लेथवर त्याचा शेवटचा कट. ०.०२ मिमी कमी चालेल, त्याहून खाली गेलं की जॉब, म्हणजे तो दांडाच, वाया गेला, कारण काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. त्याने मायक्रोमीटर तीनदा लावला, तिन्ही वेळा आकडा तोच. तरी हात हँडलवर तसाच, आणि नजर माझ्याकडे. माझा हात हँडलकडे जायलाच निघाला होता. तो मागे घेतला आणि म्हणालो, “घे कट. मी आहे इथंच.” माप आलं २४.९९. त्या क्षणी त्याला मी जे दिलं, त्याला नेमका शब्द कोणता? हुरूप? उभारी? पाठबळ?

प्रतिसाद

धीरच. हुरूप हा काम जमू लागल्यावर येतो, उभारी माणूस खचल्यावर लागते. तुमचा मुलगा खचलेला नव्हता, थांबलेला होता.

पण ‘विश्वास’ला तुम्ही जरा घाईने बाजूला सारलंत. त्याच्या पोटात श्वास आहे. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्याला ‘वि’ लागून झालेल्या क्रियापदाचा अर्थ निर्धास्त असणे, भरवसा ठेवणे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. ‘आश्वासन’ही त्याच धातूचं. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन घाबरतो, तेव्हा कृष्ण पुन्हा सौम्य रूप घेतो, आणि तिथे शब्द आहेत ‘आश्वासयामास च भीतमेनं’. भ्यालेल्याला त्याने धीर दिला, त्याचा श्वास जाग्यावर आणला. आज आश्वासन म्हटलं की निवडणूक आठवते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. फार मायेचा शब्द होता तो.

प्रतिसाद

श्वासाचा विषय निघालाच आहे तर ‘दम’ घ्या. फारसीत दम म्हणजे श्वासच. मराठीत त्याला किती फांद्या फुटल्या बघा : दम लागला, दम खाल्ला, दम धर, त्याच्यात दम आहे. आणि ‘दम देणे’ म्हणजे मात्र धमकावणे! धीर देणे आणि दम देणे, क्रियापद एकच, पण ऐकणाऱ्याच्या छातीत उलट घडतं.

मी ज्या साहेबांच्या हाताखाली काम शिकलो ते दम देणारे होते. काम उत्तम जाणायचे, मनाने वाईटही नव्हते. पण ते मागे येऊन उभे राहिले की पाठ असलेलं मापसुद्धा मला आठवायचं नाही. पुढे माझ्याकडे माणसं आली तेव्हा पहिली दोन वर्षं मीही दमच दिला. दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

प्रतिसाद

आत्मविश्वास एकट्याचा, हे पटलं नाही. ‘सरांनी मला आत्मविश्वास दिला’ असं आपण सर्रास म्हणतो.

प्रतिसाद

मी बचत गटांबरोबर काम करते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं नावच ‘उमेद’ आहे, म्हणून त्या शब्दाबद्दल लिहिते. उमेद फारसी, अर्थ आशा. आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक किंवा नोकरीची मुलाखत. पण ‘उमेदवारी करणे’ म्हणजे आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर कुणाच्या हाताखाली राबत शिकणे. दादा, तुमच्या शिकाऊ उमेदवारांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

गटातलं एक सांगते. नव्या बाईला बैठकीत स्वतःचं नाव सांगायला लावलं तर आवाज पदरात जातो. तिला ‘आत्मविश्वासाने बोला’ म्हटलं की ती आणखी मिटते. पण ‘या आठवड्याचे पैसे तुम्ही मोजा’ म्हणून पेटी तिच्या पुढ्यात सरकवली, की ती मोजते, पुन्हा मोजते, आणि आकडा मोठ्याने सांगते. तो आकडा सगळ्यांना ऐकू जातो.

मूळ लेखक

ताई, पेटीने माझी अडलेली ओळ सुटली. विश्वासाबरोबर मराठीत तीन क्रियापदं येतात. विश्वास बसतो, तो आपोआप, अनुभवाने. विश्वास ठेवतो, तो मनाशी ठरवून. आणि विश्वास टाकतो, तेव्हा काहीतरी खरोखर हातातून सोडावं लागतं : पेटी, हँडल, किल्ली. मी आजवर बसायची वाट बघत होतो. आधी याचा हात बसू दे, मग माझा विश्वास बसेल, मग देईन काम. पण कामच दिलं नाही तर हात बसणार कशाने?

‘आत्मविश्वास दिला’ याबद्दलची हरकत मान्य. तसं म्हणतात खरं. मात्र सरांनी काय केलं म्हणून तो मिळाला, हे पुढे विचारलं की उत्तर बहुधा ‘त्यांनी मला अमुक करायला दिलं’ असंच येतं.

आता एक शब्द आणखी. अवसान. संस्कृतात त्याचा अर्थ शेवट. मराठीत तो जोर, त्राण झाला. अवसान गळतं, आणि ‘उसनं अवसान’ आणलं म्हणजे आव आणला, असं आपण जरा हिणवूनच म्हणतो. मला ते हिणवणं अन्यायाचं वाटतं. पहिल्यांदा सुपरवायझर झालो त्या सकाळी माझ्याजवळ दुसरं काय होतं? सोळा माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या जुन्या ऑपरेटरने हळूच सांगितलं होतं, “अडलं तर मला हाक मारा.” माझं अवसान त्या वाक्यावर उसनं घेतलेलं होतं. शेजारून वाटीभर साखर उसनी आणावी, तसं.

प्रतिसाद

साखर उसनी आणली की परतही करतात. तुम्ही ‘मी आहे इथंच’ म्हणालात ना त्या मुलाला.