अनवाणी चालत म्हणून ठणठणीत? काहीही!

परळकर: काल इथे एकाने लिहिलं, 'पूर्वी गावात सगळे अनवाणी चालायचे, मातीशी नातं होतं, म्हणून ठणठणीत होते.' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे आजोबा अनवाणी असत, कारण वहाणांचा जोड एकच, तोही लग्नकार्याला. आणि पाटलाचा वाडा आला की तो काढून काखेत मारायचा. हा नियम आमच्याच जातीला. मातीशी नातं म्हणाल तर मातीतले अंकुशकृमी नावाचे जंत अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतात. जोडा नातं!

विहीरकाठ: सगळीकडे जात आणायलाच हवी का? मळणी चालू असताना माझे वडीलही खळ्याबाहेर वहाणा काढायचे. धान्य म्हणजे लक्ष्मी. ही काय गुलामगिरी झाली?

परळकर: खळ्याचं मान्य. वाड्याचं बोला.

मुलुंडची सून: चप्पल उलटी पडली की भांडण, चपलेवर चप्पल चढली की प्रवास. आमच्या दारात रोज चढतात. प्रवास घडतो तो सीएसएमटीपर्यंत, उभ्याने.

विहीरकाठ: हसा. पण फिट आल्यावर चप्पल हुंगवली की माणूस शुद्धीवर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दादर_स्लो: मीही पाहिलंय. प्लॅटफॉर्मवर माझ्या धाकट्या भावाला फिट आली. एकाने पावसात भिजलेली चप्पल त्याच्या नाकावर दाबून धरली, दुसरा दातांत किल्ली घालत होता. मी ओरडत होतो, त्याला कुशीवर वळवा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, श्रेय मात्र चपलेला. वर तो गृहस्थ मलाच म्हणाला, 'बघा, आला ना शुद्धीवर!'

विहीरकाठ: चांगल्या भावनेनेच केलं ना त्याने?

दादर_स्लो: भावाचा दात तुटला. भावना कुठे बसवू?

मुलुंडची सून: आणि फिट पाच मिनिटं थांबली नाही तर चप्पल शोधू नका, 108 लावा.

गिरगावात_भाड्याने: शनिवारी देवळाबाहेरून चप्पल गेली की पीडा जाते म्हणे. माझी नवी कोल्हापुरी गेली. पीडा वरच्या मजल्यावर राहते, जिन्यात चपलांचं कपाट मांडून.

परळकर: विहीरकाठ, वाड्याचं राहिलं.

विहीरकाठ: राहिलं नाही. आमचाच वाडा होता. लोक वहाणा काखेत मारून खालमानेने जायचे आणि आजोबा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असायचे. वर बघायचेही नाहीत. झालं समाधान?