सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं मशीन: खजिनदार म्हणून सही करू का? मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबण लागेल, पण रविवारी सभा आहे आणि करारावर खजिनदार म्हणून माझी सही लागणार आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. गेटचं अ‍ॅप २०२१ मध्ये आलं आणि ते आणायला मीच पुढे होतो, हे आधीच कबूल करतो. कोविडमुळे गेटवरच्या वहीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. डिलिव्हरीवाला आला की फोन वाजायचा, आपण 'येऊ द्या' दाबायचं, संपलं. मग बघता बघता कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, गाडी धुणारा पोरगा, सगळ्यांचं येणंजाणं त्यात नोंदलं जाऊ लागलं. आता कंपनी म्हणते, कामवाल्यांच्या कोड नंबराऐवजी चेहरा घेऊ, पहिले सहा महिने फुकट. चाचणीचं मशीन बसलंसुद्धा.

मागच्या आठवड्यात सकाळी मी खाली होतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मशीनसमोर उभ्या, ऊन थेट तोंडावर. मशीन ओळखेना. वॉचमन म्हणतो, "मावशी, पदर काढा डोक्यावरचा, वर बघा." त्यांनी पदर खाली घेतला, त्यानेच घाम पुसला, पुन्हा उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला. तोवर जॉगिंगहून आलेले दोन सदस्य बाजूने आत गेले. त्यांना वर बघा म्हणायची सोय नाही, ते मालक.

दुसरी गोष्ट जास्त लागली. अंग दुखतंय म्हणून मावशींनी पाचव्या मजल्यावरच्या घरी सुट्टी सांगितली होती. आमच्याकडे मात्र आल्या, कारण माझी आई अंथरुणावर आहे आणि तिच्या पेजेचा प्रश्न होता. पाचव्या मजल्याने अ‍ॅप उघडलं: ९ वाजून १२ मिनिटांनी गेटमधून आत. लिफ्टपाशी सगळ्यांदेखत त्यांना झाडलं. मावशी कुणाकडे, किती वाजता, किती वेळ, हे कुणाही सदस्याला दिसतं, ही गोष्ट चार वर्षं अ‍ॅप वापरून मला त्या दिवशी कळली. त्यापेक्षा गेटवरची वहीच बरी होती, असं वाटलं.

संमतीचा फॉर्म इंग्रजीत आहे, खाली सह्या मराठीत आणि दोन अंगठे. यात काय लिहिलंय हे कुणी वाचून दाखवलं का, असं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्यांना काय करायचंय?"

तर विचारायचंय असं की, चेहरा दिला नाही तर गेटमध्ये घेणार नाही, असं सोसायटी म्हणू शकते का? आणि सभेत 'सुरक्षेला विरोध करणारा' असा शिक्का न बसता हे कसं मांडू?

उंबरठा:
कायदा आहे, दात यायला अजून वेळ आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण तुम्ही साठवलेली माहिती त्या दिवसानंतरही राहणार, म्हणून आत्ताच नीट करा. त्या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि नंतर काढून घेता यायला हवी. माहितीपत्र राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. म्हणजे मराठीत. तुमचा फॉर्म तिथेच पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला हे खरं, पण ते शस्त्र मुख्यतः सरकारपुढे चालतं, सोसायटीच्या सभेत त्याचं भाषण करू नका.
रविवारी ठराव रेटला गेला तरी एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर विशेष सभा बोलवावी लागते. ८४ सभासद धरले तर १७ सह्या.

खाटखूट:
वहीचं एवढं कौतुक नको. आमच्या वहीत प्रत्येक पाहुण्याचा मोबाइल नंबर उघडा पडलेला असायचा. येणारा माणूस पेन शोधता शोधता मागची दोन पानं वाचायचा.

ठाणेकर_बी_विंग:
आमच्याकडे हाच घोळ झाला होता. शेवटी छोटं कार्ड दिलं, टेकवलं की दार उघडतं. हरवलं तर रद्द करून नवं देतो. चेहरा हरवला तर काय देणार? कंपनीला लेखी विचारा: चेहऱ्याचा साचा (ओळख पटवायला मशीन चेहऱ्यावरून बनवतं ती नोंद) मशीनमध्येच राहतो की त्यांच्या सर्व्हरवर जातो? बाई काम सोडून गेली की किती दिवसांत पुसता? आमच्या कंपनीने या दुसऱ्या प्रश्नाला तीन आठवडे उत्तरच दिलं नाही, त्यावरच सभेचं मत फिरलं. आणि आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या असतील तर परत करा. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढता येतं.

मूळ लेखक:
आभार सगळ्यांचे. वहीबद्दलचं मान्य, मी ते सोयीस्कर विसरलो होतो. सेक्रेटरींना कार्डाबद्दल सांगितलं, ते 'खर्च किती' इथपर्यंत आले आहेत. म्हणजे अर्धं काम झालं.

काल मावशींनाच विचारलं. चेहऱ्याचं सांगू लागलो तर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "फोटो घेऊ दे हो दादा, तो तर रेशनलाही घेतात आणि बँकेतही. माझी वेळ तेवढी पाचव्या मजल्याला दिसू नये, असं काही होतं का बघा."

तर आता हाच प्रश्न: मदतनीसांच्या नोंदी फक्त ज्याच्या त्याच्या घरालाच दिसतील, अशी सोय कुणाच्या अ‍ॅपमध्ये चालू करून मिळाली आहे का? अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये मला ती सापडली नाही. रविवारच्या आत कळलं तर बरं.